फँटसी हॉकी (एनएचएल २०२५-२६): दुर्लक्षित पण उपयुक्त खेळाडू कसे हेरावेत?

निळी_रेषा

फँटसी हॉकीत आम्ही एनएचएल या उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीच्या लीगमधील खरे खेळाडू निवडून कागदी संघ बनवतो आणि त्यांच्या आकड्यांवर आमची हारजीत ठरते. आमच्या बारा संघांच्या लीगचा ड्राफ्ट (फेरीफेरीने खेळाडू निवडणे) दोन आठवड्यांवर आला आहे आणि गेल्या हंगामातील चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्याकडे दर आठवड्याला समोरासमोर सामना होतो. गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेला पास), प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांतील फरक), पॉवर प्लेवरील (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुण, शॉट, हिट (प्रतिस्पर्ध्याला दिलेली धडक) आणि ब्लॉक (अंगावर अडवलेला शॉट) अशा सात बाबी मोजल्या जातात. गोलरक्षकांसाठी विजय, सरासरी (दर सामन्यामागे स्वीकारलेले गोल), सेव्ह टक्केवारी (अडवलेल्या शॉटचे प्रमाण) आणि शटआउट (एकही गोल न स्वीकारलेला सामना) या चार बाबी वेगळ्या असतात. आठवड्याला चार खेळाडू बदलता येतात.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांतील नावे सर्वांना ठाऊक असतात, त्यामुळे तिथे फारसा फरक पडत नाही. माझी अडचण त्यापुढची आहे. गेल्या वर्षी एखाद्याने पाच सामन्यांत चार गोल केलेले दिसले की मी त्याला लगेच घेत असे, आणि तो माझ्या संघात आल्यावर पुढचे दोन आठवडे कोराच राहत असे. ज्यांना मी सोडले, ते मात्र दुसऱ्यांकडे जाऊन चमकले. इतरांच्या नजरेत न भरलेला चांगला खेळाडू आणि केवळ नशिबाने काही दिवस चमकलेला खेळाडू यांतील फरक तुम्ही कसा ओळखता? काही नावेही सुचवल्यास आभारी राहीन.

तिसरी_फळी

धागा योग्य वेळी काढला आहे. मी गेली नऊ वर्षे हा खेळ खेळतो आहे आणि माझे मत असे झाले आहे की गुणांचा (गोल अधिक असिस्ट) रकाना सर्वांत शेवटी पाहावा. आधी तो खेळाडू बर्फावर किती मिनिटे असतो, कोणाच्या सोबतीने खेळतो आणि पॉवर प्लेच्या पहिल्या गटात आहे की दुसऱ्या, हे पाहावे. जागा आधी बदलते आणि आकडे मागाहून येतात. या दोहोंमध्ये जे आठ-दहा दिवस मिळतात, तेवढ्या काळातच खेळाडू स्वस्तात पदरात पडतो.

याचे मला सर्वांत लख्ख आठवणारे उदाहरण एडमंटन संघाचा बचावपटू एव्हन बुशार्डचे आहे. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी एडमंटनने बचावपटू टायसन बॅरीला नॅशव्हिलकडे देऊन बचावपटू मॅटियास एकहोमला आणले. सर्व चर्चा एकहोमची चालली होती. मी मात्र त्या रात्री एकच गोष्ट तपासली: मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल या संघाच्या मोठ्या आक्रमक खेळाडूंच्या पॉवर प्लेमध्ये निळ्या रेषेवर (प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सीमेवर) उभा राहणारा माणूस म्हणजे बॅरी गेला, तर आता तिथे कोण उभा राहणार? उत्तर बुशार्ड हेच होते, आणि तो आमच्या लीगमध्ये कोणाच्याही संघात नव्हता. एडमंटनचा पॉवर प्ले त्या हंगामात ३२.४ टक्के यशस्वी ठरला, जो एनएचएलचा विक्रम आहे. बुशार्डचे त्या पूर्ण हंगामातील गुण ४० होते. पुढच्या हंगामात ते ८२ झाले. खेळाडू तोच होता, फक्त उभे राहण्याची जागा बदलली होती.

म्हणून बचावपटूंची अदलाबदल झाल्याची बातमी आली की आलेल्या खेळाडूपेक्षा मागे राहिलेल्यांकडे आधी पाहावे. या वर्षासाठी अशाच धाटणीचे एक नाव देतो. अॅनाहाइमचा जॅक्सन लकॉम्ब २०२३-२४ मध्ये १७ गुणांवर होता. डिसेंबर २०२४ मध्ये सहकारी बचावपटू कॅम फाउलर सेंट लुईसला गेल्यावर त्याच्यावरील जबाबदारी वाढली आणि हंगामअखेर त्याचे १४ गोल आणि एकूण ४३ गुण झाले. संघाचा पॉवर प्ले गेल्या वर्षी लीगमध्ये तळाला होता, त्यामुळे पॉवर प्लेवरील गुण त्याच्या खात्यात कमी पडले. नवे प्रशिक्षक जोएल क्वेनव्हिल आले आहेत आणि पॉवर प्ले निदान मध्यम दर्जाचा झाला तरी हा खेळाडू ड्राफ्टमधील आपल्या क्रमांकापेक्षा बराच वर जाईल, असे मला मनापासून वाटते.

चकतीमागे

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. धागाकर्त्यांच्या ‘पाच सामन्यांत चार गोल’ या अडचणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

त्या चार गोलांसाठी त्याने शॉट किती मारले, हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. एनएचएलमध्ये सर्वसाधारण खेळाडूच्या दहा शॉटमागे साधारण एक गोल होतो. पाच सामन्यांत सात शॉट आणि चार गोल असतील, तर गोलरक्षकांनी त्याला ओवाळणी घातली असे समजावे. ती रोज मिळत नाही. उलट पाच सामन्यांत २२ शॉट आणि एकच गोल असेल, तर त्याला मी डोळे झाकून घेतो, कारण शॉट मारण्याची सवय टिकते आणि टक्केवारी हळूहळू आपल्या जागी येते. विल्यम कार्लसनने २०१७-१८ मध्ये व्हेगसकडून १८४ शॉटमध्ये ४३ गोल केले, म्हणजे २३.४ टक्के. पुढच्या वर्षी शॉट जवळपास तितकेच, १६९ होते, पण गोल २४ झाले. तो वाईट खेळला नाही, पण ज्यांनी त्याला ४३ गोलांच्या भावाने दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घेतले, त्यांचा हंगाम तिथेच अडखळला. मीही त्यांतलाच एक होतो, म्हणून हे आकडे अजून पाठ आहेत.

एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. काही खेळाडूंची टक्केवारी खरोखरच उंच राहते, कारण ते गोलसमोरच उभे राहून खेळतात. फ्लोरिडाच्या सॅम राइनहार्टने २०२३-२४ मध्ये ५७ गोल केले आणि टक्केवारी जवळपास २४.५ होती. ती उतरणार हे दिसत होते आणि उतरलीही, पण पुढच्या हंगामात त्याचे ३९ गोल झालेच. त्यामुळे एका हंगामाची टक्केवारी पाहून निकाल देऊ नये, त्या खेळाडूची मागील तीन वर्षे सोबत ठेवावीत.

फळीबाहेरचा

तुमच्या लीगमध्ये हिट आणि ब्लॉक मोजले जातात, या मुद्द्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. बहुतेक तयार याद्या गोल आणि असिस्ट यांवर बेतलेल्या असतात, त्यामुळे अंगावर जाऊन खेळणारे खेळाडू तुमच्यासारख्या लीगमध्ये हमखास खाली घसरतात. कीफर शेरवुडने २०२४-२५ मध्ये व्हँकुव्हरकडून ४६२ हिट केले, जो एका हंगामाचा विक्रम आहे. म्हणजे सामन्यागणिक जवळपास सहा. सोबत १९ गोल आणि ४० गुण. निव्वळ गुणांच्या लीगमध्ये तो शेवटच्या फेरीतही कोणी घेणार नाही, पण तुमच्याकडे तो एकटा आठवड्याची एक बाब जवळजवळ जिंकून देतो आणि शॉटच्या बाबीतही आपला वाटा उचलतो.

याउलट वॉशिंग्टनचा डिलन स्ट्रोम ८२ सामन्यांत ८२ गुण करूनही उशिरापर्यंत शिल्लक राहतो. शिकागोने २०२२ मध्ये त्याला नवा करार देऊ केला नाही, तेव्हापासून त्याच्याविषयी जो ग्रह झाला तो अजून पुसलेला नाही. मात्र तो मुख्यतः पास देणारा सेंटर (आक्रमणातील मधला खेळाडू) आहे, शॉट आणि हिट त्याच्याकडून फारसे मिळत नाहीत. त्यामुळे त्याला घेतल्यास जोडीला शेरवुडसारखा एखादा हवाच.

प्लस-मायनससाठी मी कोणालाही मुद्दाम घेत नाही, ती बाब फार लहरी आहे.

निळी_रेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोलरक्षकांविषयी कोणी लिहिले नाही. दोन मोठी नावे घेऊन थांबावे, की एक घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवावी?

तिसरी_फळी

एक खात्रीचा घ्यावा आणि दुसरी जागा फिरती ठेवावी. या वर्षी त्याला एक खास कारण आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये ऑलिंपिकसाठी लीग थांबणार आहे, पण सामने ८२ च आहेत. तेवढेच सामने कमी दिवसांत बसवायचे म्हटल्यावर लागोपाठच्या दोन रात्री खेळण्याची वेळ संघांवर अधिक येईल आणि अशा वेळी दुसऱ्या रात्री बहुधा राखीव गोलरक्षक उतरतो. चांगल्या संघाचा राखीव गोलरक्षक त्या एका रात्रीपुरता घेऊन पाहा, तुमच्या चार बदलांपैकी एक त्यासाठी खर्च करणे परवडते.

शिवाय फिरती जागा असली तरच जॉर्डन बिनिंग्टनसारखा कोणी हाती लागू शकतो. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला सेंट लुईस संपूर्ण लीगमध्ये शेवटच्या स्थानी होता. ७ जानेवारीला त्या संघाच्या बिनिंग्टनने आपला पहिला सामना सुरुवातीपासून खेळला आणि शटआउट मिळवला. हंगामअखेर २४ विजय, सरासरी १.८९ आणि जूनमध्ये स्टॅनले कप (एनएचएलचे विजेतेपद). ज्यांच्या दोन्ही जागा मोठ्या नावांनी अडल्या होत्या, त्यांना त्याच्याकडे नुसते पाहत बसावे लागले.

चकतीमागे

फिरत्या जागेचा मुद्दा आघाडीच्या खेळाडूंनाही लागू आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी इतके सामने असतात की तुमचे चांगले खेळाडूही बाकावर राहतात. म्हणून शेवटच्या जागेसाठी दोन सारखे खेळाडू समोर असतील, तर ज्याच्या संघाचे सामने सोमवारी, बुधवारी किंवा रविवारी अधिक आहेत, तो घ्यावा.

निळी_रेषा

मग असे ठरवतो: मधल्या फेऱ्यांत स्ट्रोम, त्यानंतर लकॉम्ब, शेवटच्या तीन फेऱ्यांत शेरवुड, आणि गोलरक्षकाची दुसरी जागा मोकळी. हंगामपूर्व सामन्यांत पॉवर प्लेचे पहिले गट कसे लागतात ते रोज टिपून ठेवतो आणि काही बदल दिसल्यास इथेच लिहितो.

फळीबाहेरचा

शेरवुडसाठी शेवटच्या तीन फेऱ्यांपर्यंत थांबू नका. तुमच्या लीगमध्ये हिट मोजतात हे बाकीच्या अकरा जणांनाही माहीत आहे, निदान दोन फेऱ्या आधी घ्या.