गोष्ट नको, आवाज लिहा
जुन्या सिनेमांची गोष्ट सगळीकडे सांगून झालीय, मग त्यांच्यावर आपण नवीन काय लिहिणार, असं कुणीतरी विचारलंय. गोष्ट शिळी झाली, मान्य. पण ती लिहायचीच कशाला? आवाजावर लिहा की. 'कुंकू' (१९३७) घ्या. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या त्या प्रसंगातल्या माणसांचं आणि वस्तूंचं. आम्ही तो सोलापुरात एप्रिलच्या दुपारी लावला आणि कूलरच्या घरघरीत काही म्हणजे काही कळेना. शेवटी कूलर बंद केला. (इथल्या उन्हात याला शुद्ध वेडेपणा म्हणतात.) घामानं निथळलो, पण सिनेमातल्या काकासाहेबांच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेव्हा कुठं नीट कानावर आली. तरण्या मुलीशी लग्न केलेल्या त्या म्हाताऱ्याचं सरतं वय ते घड्याळ बोलून दाखवतं, संवादाची गरजच पडत नाही. आई जुन्या गिरणीच्या आसपास वाढलेली. ती म्हणाली, "आमचं घर भोंग्यावर चालायचं, यांचं घड्याळावर." माझ्या वहीत या सिनेमाबद्दलचं सगळ्यात चांगलं वाक्य हेच आहे, आणि ते माझं नाही!

'दुनिया ना माने' ही याचीच हिंदी आवृत्ती, त्याच वर्षीची. एकच प्रसंग दोन्हींत लागोपाठ बघा, एकदा डोळे मिटून ऐका, मग लिहायला बसा. फक्त हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर ती टिकटिक पार मरते.