कागद झालाच नव्हता : घरातल्या न लिहिलेल्या माणसांबद्दल तुमचे अनुभव

तिकटीवरची

जुने कागद शोधायचं काम सध्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी चाललंय. कुणाला जातपडताळणीला पुरावा हवा, कुणाला वारसनोंद, कुणाला नुसतं पोरांसाठी घराण्याचं लिहून ठेवायचंय. बहुतेकांची समजूत अशी असते की कागद होता आणि तो गेला. 2005 च्या नाहीतर 2019 च्या पुरात भिजला, वाळवीनं खाल्ला, वाटणीत दुसऱ्या भावाकडं गेला. तसंही पुष्कळ घरांत झालंय. पण या धाग्यात मला दुसऱ्या घरांबद्दल ऐकायचंय, जिथं कागद कधी झालाच नव्हता.

हरवलेलं म्हणून जे शोधतो ते मुळात नव्हतंच, हे कळेपर्यंत माणसं वर्षं घालवतात आणि शेवटी दोष घरच्यांना देतात. "आमच्या म्हाताऱ्यांनी काही जपलं नाही." जपायला त्यांच्या हातात कुणी काही दिलं होतं का, हे विचारायचं राहून जातं.

ज्याला गरज असते तो कागद करतो. सरकारला सारा हवा होता म्हणून जमिनीचा कागद झाला. इनाम टिकवायचं म्हणून इनामदाराची कैफियत झाली. वतनावरून भाऊबंदकी पेटली म्हणून पाटील-कुलकर्ण्यांच्या वंशावळी दरबारात दाखल झाल्या. ज्याच्याकडं जमीन नाही, वतन नाही आणि भांडायला पैसाही नाही, त्याच्यासाठी कारकुनानं बोरू उचलायचं कारणच नव्हतं. जन्ममृत्यूची नोंद सक्तीची करणारा कायदा 1969 चा, आणि तो आपल्याकडं 1 एप्रिल 1970 ला लागू झाला. त्याआधीचं सगळं गावागणिक वेगळं. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान विलीन होण्याआधीचं तर जास्तच.

माझ्या आईच्या आजीचं नाव एकाही सरकारी कागदावर नाही. नवऱ्याचं आहे, मुलग्यांची आहेत. ती नवऱ्याच्या आधी गेली, त्यामुळं वारस म्हणूनही कुठं लागली नाही. तिचं नाव आहे ते आईकडच्या पितळी घागरीच्या गळ्याशी, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. भावानं आंदणात दिलेली घागर, म्हणून भावाचं नाव, खाली तिचं माहेरचं नाव आणि गाव. सासरी तिला दुसऱ्याच नावानं हाक मारायचे, त्यामुळं घरात कुणाला ते नाव ओळखता येत नव्हतं. आईच्या मावशीनं घागर उलटीसुलटी करून सांगितलं, "अगं, ही आईच."

तुमच्या घरात कोण राहून गेलं, का राहून गेलं, आणि मग तुम्ही काय केलंत ते लिहा. जातपात, गाव, कुठलंही असो.

निवृत्त सजा

मी तलाठी म्हणून करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत नोकरी केली. चांगला विषय काढलात ताई. लोक कचेरीत येऊन "आजोबांचा जन्मदाखला द्या" म्हणायचे तेव्हा मी त्यांना आधी बसवून घ्यायचो.

जुना गाव नमुना 14, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात काय असतं ते समजून घ्या. तारीख, बापाचं नाव, जात, आणि मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. आईचंही नसतं. म्हणजे "राणूस मुलगा" एवढंच. राणूला पाच मुलगे असतील तर तो कुठला, ते पुढच्या कागदांवरून ताडायचं. गावात राणूही दोन-तीन असतात.

आणखी एक. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळं थोरल्याची नोंद असलीच तर आजोळच्या गावात. लोक सासरच्या गावचं दप्तर पालथं घालतात आणि नोंदच नाही म्हणून परत जातात. आधी आजीचं माहेर विचारा.

पण खरंच नोंद न झालेली माणसंही भरपूर. वाडीवस्ती गावापासून लांब, पावसाळ्यात ओढा आडवा, कोतवालाला कळलंच नाही. मूल चार दिवसांत गेलं तर जन्मही नाही आणि मृत्यूही नाही. नोंद सांगायला जाणारं माणूस घरात पाहिजे, आणि गावात त्याचं ऐकून घेणारंही पाहिजे.

बिरोबाचा

आम्ही हातकणंगले तालुक्यातले धनगर. आबांच्या लहानपणी घरातली निम्मी माणसं मेंढरांमागं. दिवाळी झाली की कळप निघायचा तो पावसाच्या तोंडावर परत. आबा कुठल्या तरी रानात जन्मले, बसवलेल्या कळपाशेजारी. त्या गावचा कोतवाल परक्याची नोंद कशाला घेईल, आणि आमच्या गावात सांगायला माणूस नव्हतं. कुणीच चुकलं नाही, तरी कागद झाला नाही.

आबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघितलं आणि लिहून टाकलं, 1 जून. धाकट्या आत्यालाही 1 जूनच. आमच्या पिढीपर्यंत ही तारीख निम्म्या गावाची. म्हणून तर 31 मे ला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची गर्दी उडते.

आजी मात्र ठाम असायची की आबा पट्टणकोडोलीच्या यात्रेनंतर, कळप निघाल्यावर झाले. म्हणजे कार्तिकाच्या पुढं. मी घरच्या वहीत दोन्ही लिहिलंय. दाखल्यावर 1 जून, आजीच्या सांगण्याप्रमाणं हिवाळा. दाखला पेन्शनला लागतो, पण मला आजीचं खरं वाटतं.

उचगावकर

बिरोबाचा यांनी लिहिलंय तेच आम्ही केलं. साल विचारलं तर म्हाताऱ्या माणसाला सांगता येत नाही, पण "तेव्हा काय चाललं होतं" विचारलं की धडाधड सांगतात. आमची पणजी वळिवड्याच्या छावणीत दूध घालायची. "पोलंडची माणसं होती तवा थोरला मांडीवर, आणि ती जायच्या आधी धाकटी पोटात." पोलिश निर्वासितांची छावणी तिथं 1943 ते 1948 होती. घ्या, दोन मुलांचे जन्म साधारण पाच वर्षांच्या पट्ट्यात बसले.

आपल्या भागात अशा खुणा पुष्कळ आहेत. शाहू महाराज गेले ते 1922. राजाराम महाराज गेले ते 1940. गांधीवधानंतरची जाळपोळ 1948. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पहाटेचा. त्या पहाटे कोण रांगत होतं, कुणाचं लग्न ठरलं होतं, हे बायकांना पक्कं आठवतं. मग दुष्काळ 72 चा. आत्याबाईंना, मावश्यांना एकत्र बसवा. एकटीला विचारलं तर "मला काय आठवतंय बाबा" म्हणतात, आणि दोघी बसल्या की एकमेकींना खोडून काढत अचूक सांगतात.

पाल ते प्लॉट

आम्ही डोंबारी. तुमच्याकडं निदान राणूस मुलगा असं तरी लिहिलंय.

भटक्या जमातीच्या दाखल्याला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या दिवशी माझा आजा कुठल्या गावाच्या वेशीवर खेळ करत होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. घर नाही म्हणून घरपट्टी नाही, जमीन नाही म्हणून सातबारा नाही, आणि शाळेत जाणारा घरातला पहिला माणूस मी. ज्या जमातींवर 1871 च्या कायद्यानं गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांची नावं निदान पोलिसांच्या हजेरीत, म्हणजे चौकीवर हजर व्हायला लावायचे त्या यादीत, सापडतात. आमच्या वाट्याला तेही नाही.

एका कचेरीत मला विचारलं, "काहीतरी असेलच की घरात, शोधा नीट." घर म्हणजे पाल होतं साहेब. दोन बांबू, एक गोधडी, ढोलकं.

पुढं जातपडताळणीच्या दक्षता पथकाची गृहचौकशी झाली. देव कुठला, लग्नात काय करता, पंच कोण, बोलीतले शब्द कुठले, सगळं माझ्या चुलत्यानं सांगितलं. त्याच्या तोंडचं पहिल्यांदा कुणी सरकारी माणसानं लिहून घेतलं. दाखला मिळाला. त्या जबाबाची प्रत मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलीय. आमच्या घराण्याचा पहिला लिखित कागद तो.

निवृत्त सजा

दादा, तुमचं वाचून गप्प झालो. हजेरीवरून एक भर घालतो. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही हजेरीची पद्धत बंद केली. त्याच सुमारास महार वतनंही खालसा करून जमिनी रयतावा केल्या, म्हणजे इतर शेतकऱ्यांसारख्या त्यांच्याच नावावर केल्या. त्यामुळं इथल्या काही दलित घरांना त्या काळचा जमिनीचा कागद सापडू शकतो. शेजारच्या इंग्रजी मुलखात तसली वतनं जायला 1958 चा कायदा यावा लागला. ज्यांची मुळं करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानातली आहेत त्यांनी त्या काळचं दप्तर जरूर बघावं.

लेक गडहिंग्लजची

हे लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. माझी आई देवाला सोडलेली होती. लग्न माणसाशी नाही, त्यामुळं लग्नाचा कागद नाही, आणि माझा बाप कुठल्याच कागदावर नाही. गावात सगळ्यांना माहीत होता. लिहायला कुणी तयार नव्हतं.

शाळेत घालताना बापाच्या रकान्यात मामाचं नाव घातलं. आता माझी मुलगी वंशावळ काढायला बसली तर कागदाप्रमाणं तिची आजी आणि आजोबा बहीणभाऊ होतात. मी तिला बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपण आईकडूनच काढू. आई, आज्जी, पणजी. तीन पायऱ्या मिळाल्या, कारण आईला तिच्या आजीच्या ओव्या पाठ आहेत आणि त्यात माहेरचं गाव, भावाचं नाव येतं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदावर आईचं नाव लावणं आता राज्यात बंधनकारक झालंय. आमच्या घरात ते आधीपासून होतं, फक्त रकाना नव्हता.

तिकटीवरची

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या ओव्या आईच्या आवाजात मोबाइलवर घेऊन ठेवा, आजच.

कुळाचा नातू

आमचं थोडक्यात. पणजोबा दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर कसत होते. कूळ कायद्यानं 1 एप्रिल 1957 ला जमीन कसणारं कूळ तिचं मालक झालं म्हणतात, पण ज्याचं नाव सातबाऱ्याला कूळ म्हणून लागलेलं होतं त्याचं. आमचं लागलंच नव्हतं. जमीन गेली आणि ती कसल्याचा पुरावाही नाही. बांधावरचा आंबा पणजोबांनी लावला एवढं गाव सांगतं.

मोडीवाचक

मी मोडी कागद वाचून देतो. कळकळीची विनंती आहे. काही नाही म्हटल्यावर लोक काहीतरी जोडायला बघतात. पैसे घेऊन कुठल्यातरी सरदाराशी वंशावळ भिडवून देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. जुन्या कागदात बहुतेक वेळा आडनाव नसतं. "राणू बिन बाळा", म्हणजे बाळाचा मुलगा राणू. "सखू कोम राणू", म्हणजे राणूची बायको सखू. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं होत नाही. गाव, बाप, जमिनीच्या चतुःसीमा, सगळं जुळल्याशिवाय मी कुणाला "हेच तुमचे पणजोबा" म्हणत नाही. माणसं नाराज होऊन जातात. पण एकदा खोटा पणजोबा वहीत शिरला की पुढच्या पिढीला तो बाहेर काढता येत नाही.

वहीत प्रत्येक नावापुढं लिहा. कागदावर पाहिलं, की कुणाच्या तोंडून ऐकलं, कधी ऐकलं.

कागलकरीण

आमच्याकडं हेळवी येतो, बैलावरून. अंगणात बसून घराण्याची नावं म्हणतो, बाराव्या-तेराव्या पिढीपर्यंत मागं जातो. लहानपणी मला केवढं कौतुक. मोठी झाल्यावर लक्ष देऊन ऐकलं तर सगळे मुलगे. आमच्या घरात गेल्या चार पिढ्यांत मुलीच जास्त झाल्या, आणि त्याच्या चोपडीत एकही नाही. त्याच्या वडिलांनी, आजोबांनी जे लिहून घ्यायची रीत पाडली तेच तो पुढं चालवतो, त्यात त्याचा दोष नाही.

मागच्या खेपेला सासूबाईंनीच त्याला म्हटलं, "आमच्या पोरींची पण घाल की." तो जरा थबकला, मग म्हणाला, "सांगा आक्का, घालतो." सासूबाईंनी नणंदांची, आत्यासासूबाईंची, आणि जन्मून महिन्यात गेलेल्या त्यांच्या पहिल्या मुलीचंही नाव सांगितलं. त्या मुलीचं नाव ठेवलं होतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

चंदगडी

कागलकरीण ताई, आमच्या आज्जीचं माहेर आजऱ्याकडचं. तिथल्या घरांचा हेळवी कोण, तो कुठल्या महिन्यात फिरतो, तुमच्या हेळव्याला विचाराल का? आज्जी नव्वदीच्या पुढं आहे, तिच्या आईचं नाव तिलाही नीट सांगता येत नाही.

कागलकरीण

विचारते. त्यांची गावं आपापसांत वाटलेली असतात, त्यामुळं त्याला नक्की माहीत असणार. सुगी झाली की येतो. तोवर तुम्ही आज्जीच्या मामेघरी कुणी आहे का बघा, आणि माहेरकडची भांडी असतील तर त्यांच्या काठावर नाव आहे का तेही बघून ठेवा.