पुरात पोरांनी मध्ये पडू नये? मग कुणी पडायचं?

सांगलीवाडीकर: काल इथं एकानं लिहिलंय, ‘पूर आला की एनडीआरएफची वाट बघा, गावातल्या पोरांनी मध्ये पडलं की अराजक माजतं.’ 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत पहिले दोन दिवस कुणीही आलं नाही. शेजारच्या गुऱ्हाळातली काहील आली, उसाचा रस आटवायची मोठी कढई. कडांना कासरा बांधून चार पोरं छातीभर पाण्यातनं ती ओढत होती. आत माझी आई, मांडीवर शेळीचं करडू. कुणी हुकूम दिला नव्हता. अराजकवाद म्हणजे दंगा नव्हे, वर साहेब नसताना आपापसात ठरवून काम करणं. कत्रिना वादळानंतर 2005 ला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये ‘कॉमन ग्राउंड’ या स्वयंसेवकांच्या गटानं दवाखाना चालवला तो असाच. दान नको, एकजूट हवी, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडं तर 1943 लाच, इंग्रजांच्या काळात, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं.

मिरजवाला: ब्रह्मनाळ विसरलात? 8 ऑगस्ट 2019. बोट गावचीच होती, मनंही चांगलीच होती. माणसं जास्त झाली, बोट उलटली, माणसं बुडून मेली. त्या संध्याकाळी मी भिलवडीत होतो. रडणं अजून कानात आहे. आणि नाना पाटलांना यात ओढू नका. न्यायदान मंडळं, तूफान सेना, शिस्त, शिक्षा. ते सरकारच होतं!

सांगलीवाडीकर: होतं, पण लोकांनी उभं केलेलं. मुंबईहून पाठवलेलं नव्हतं.

अंकलखोपचा शेतकरी: बोटीवर कसलं भांडताय? कर्नाटकवाले कृष्णेवरचं त्यांचं अलमट्टी धरण 519.60 मीटरवरून 524.256 वर न्यायला निघालेत. तेव्हा तुमची काहील कुठवर पुरणार?

मिरजवाला: राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2019 च्या पुराला अलमट्टी कारण नाही म्हटलंय. वाचा आधी.

अंकलखोपचा शेतकरी: समितीच्या घरात पाणी शिरलं होतं का? माझा दोन एकर ऊस आठ दिवस पाण्याखाली कुजला. मला अहवाल शिकवू नका!

मिरजवाला: तुमचा ऊस गेला, मान्य. पण पूररेषेत प्लॉट पाडले ते कर्नाटकानं नव्हे. घेणारे आपणच, विकणारेही आपणच.

अंकलखोपचा शेतकरी: प्लॉटवाल्यांचं पाप शेतकऱ्याच्या माथी मारू नका.

पाटणकर: अलमट्टी पुरे आता. जुलै 2021 ला आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. रस्ते तुटलेले, म्हणून पहिलं खोरं गावकऱ्यांनीच मारलं. पण ढिगाऱ्याखालनं माणूस शोधायला यंत्र लागतं आणि दुसरी गावठाण जागा वर्गणीतून मिळत नाही. जमीन सरकारकडं आहे, ती मागायलाच लागणार.

मिरजवाला: पहिले काही तास गावचेच. एवढं मी देतो, पुढं एक पाऊल नाही. बोटीत किती माणसं बसायची हे सांगणारा कुणीतरी हवा आणि लोकांनी त्याचं ऐकायला हवं.

सांगलीवाडीकर: ब्रह्मनाळचं मला उत्तर देता येत नाही, खरं आहे. पण तो सांगणारा आमच्यातलाच का नसावा? गल्लीनं वर्गणी काढून 12 लाइफजॅकेटं घेतलीत, बोटीला माणसांचा आकडा ठरवलाय. रविवारी सकाळी घाटावर सराव आहे. काय चुकतंय ते तिथं येऊन सांगा.

मिरजवाला: येतो. बोटीची दोरीसुद्धा बघणार.