कुत्र्यासाठी घरचं जेवण: तुमचा अनुभव लिहा

आमची लॅब्रॅडॉर हल्ली ड्राय फूडचा वाडगा हुंगते आणि माझ्याकडे बघत बसते. डॉक्टर म्हणाले, "घरचं द्यायचं तर खुशाल द्या, फक्त ताटातलं उरलंसुरलं म्हणजे घरचं नव्हे." पुढचं विचारेपर्यंत त्यांनी पुढच्या मांजराला आत घेतलं होतं. म्हणून हा धागा. ज्यांनी पाकीट सोडून घरी शिजवायला घेतलं, किंवा घेऊन परत पाकिटाकडे वळले, त्यांनी सविस्तर लिहा. काय शिजवता? बदल किती सावकाश केलात? कॅल्शियमचं काय? गावाला गेलात की कोण बघतं? "आमचा बंड्या सगळं खातो" एवढ्यावर भागवू नका.

डोंबिवलीकर

आमच्याकडे बीगल, म्हणजे खादाडपणात पहिला नंबर. न खाण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न पोटाचा होता. आधी पाव भाग घरचं आणि बाकी जुनं, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण, असं आठ-दहा दिवसांत सरकवत नेलं. मध्ये शी पातळ झाली की एक पायरी मागे. पूर्ण बदल झाल्यावर शी कमी आणि घट्ट होते, त्याला बद्धकोष्ठ समजून घाबरू नका.

आमचा कुकर असा: भात, बोनलेस चिकन, लाल भोपळा, गाजर, फरसबी. चिकनवाल्याकडून थोडी कलेजी. थोडीच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि रोज वाटीभर घातली तर ते अंगात साठत जातं. मीठ, हळद-तिखट, फोडणी काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा घालून शिजवलेल्या रश्श्यातला "नुसता पीस"सुद्धा चालत नाही, हे आमच्या घरी पाहुण्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

गणिताचा मास्तर

वर कॅल्शियम राहिलं. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम आणि फॉस्फरस दोनशेच्या आसपास. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं. ते पोटातून मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. मोठ्या जातीच्या पिल्लांत पाय वाकण्यापर्यंत मजल जाते, त्यामुळे पिल्लांवर प्रयोग करूच नका.

आम्ही अंड्याची टरफलं वापरतो. धुऊन उकळायची, खडखडीत वाळवायची, मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवायची आणि पिठाच्या चाळणीने चाळायची. बोटांत चोळली तर टाल्कम पावडरसारखी लागली पाहिजे. कचकच लागली तर परत मिक्सरमध्ये. पाच ग्रॅम पुडीत साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. रोज किती घालायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, ते मांस किती घालता यावर अवलंबून आहे. आणि शिजवलेलं हाड देऊन कॅल्शियम भागवायला जाऊ नका, त्याच्या कपच्या आतड्याला भोक पाडतात.

प्रमाणाचंही सांगतो. किलोंमधल्या वजनाचा 0.75 घात गुणिले 70 ही पडून राहणाऱ्या कुत्र्याची कॅलरींची गरज. दहा किलोच्याला साधारण चारशे आणि तीस किलोच्याला नऊशे, बाराशे नव्हे. नसबंदी झालेल्या, बेताने हिंडणाऱ्या कुत्र्याला याच्या सुमारे दीडपट लागतं. "एक वाटी, दोन वाट्या" सोडा, स्वयंपाकघरातला काटा काढा.

घाटावरचा

एवढं सगळं मोजायचं? आमच्या गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या कुत्री भाकरी-ताकावर जगली की.

गणिताचा मास्तर

जगली, पण भाकरीवर नाही. शेतातले उंदीर, गावजेवणातली हाडं, खाटकाच्या दारातले तुकडे हा त्यांचा पूरक आहार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर कुठून आणायचा? भाकरी पचते हे मात्र खरं. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. "कुत्र्याला धान्य विष" म्हणणाऱ्यांना एवढं सांगा.

न्यू जर्सीची काकू

इथे 2007 च्या मार्चमध्ये कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात घालतात त्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाईन हे प्लास्टिक बनवायचं रसायन सापडलं आणि कितीतरी ब्रँडांचं खाणं दुकानांतून परत गेलं. त्या धास्तीने आमच्यासारखे बरेच जण घरी शिजवायला लागले. पण घरचं म्हणजे आपोआप बरोबर, असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने 2013 मध्ये पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या 200 पाककृती तपासल्या. 95 टक्क्यांमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यातल्या काही खुद्द पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. कॅल्शियमखेरीज झिंक, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व या नेहमीच्या चुकार गोष्टी. मी प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून पाककृती बांधून घेतली आणि तिच्याबरोबरची खनिज-जीवनसत्त्वांची पावडर चुकवत नाही. "आज भोपळा नाही तर बटाटा" हे आपल्या जेवणात ठीक.

मडगाव

उकड्या तांदळाची पेज आणि उकडलेला बांगडा, काटे बोटांनी चाचपून काढलेला. आमच्या इंडीचा, म्हणजे देशी कुत्रीचा, आठवड्यातून दोनदाचा हा मेनू. बाकी दिवस चिकन. गाजराचे तुकडे मात्र चाटून-पुसून स्वच्छ करून वाडग्याबाहेर ओळीत ठेवते, त्यामुळे आता गाजर किसून घालतो.

कोल्हापूरचा पॉम

आम्ही परत फिरलेल्यांपैकी. अकरा वर्षांचा पॉम (पॉमेरेनियन), घरच्या जेवणावर मजेत होता. मग रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी मंदावल्याची खूण. किडनीच्या कुत्र्याला फॉस्फरस कमी लागतो आणि घरी तो नेमका राखणं आम्हाला जमेना. आता डॉक्टरांनी लिहून दिलेलं किडनीचंच पाकीट देतो. कोमट पाण्यात भिजवलं की वास येतो आणि खातो. शेजारच्या काकू "बिचाऱ्याला कोरडं घालता" म्हणतात. त्यांना रिपोर्ट दाखवून झाला, उपयोग नाही. म्हातारं कुत्रं असेल तर बदलाआधी रक्त तपासून घ्या, एवढीच विनंती.

विदर्भातून

उन्हाळा! ड्राय फूड दिवसभर वाडग्यात राहतं, शिजवलेलं मे महिन्यात नागपुरात तासाभरात आंबतं. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, नाही खाल्लं की उचलायचं. बाकीचं एकेका वेळेच्या डब्यांत फ्रीझरला. प्रवासात मात्र आम्ही ड्राय फूडच नेतो. त्यासाठी घरीसुद्धा अधूनमधून मूठभर देत राहतो, नाहीतर ऐन गाडीत पोट बिघडतं.

डोंबिवलीकर

डब्यांवरून आठवलं. डब्यावर ठळक अक्षरांत "कुत्र्याचं" लिहा. आमच्या सासऱ्यांनी दुपारी एक डबा गरम करून संपवला आणि संध्याकाळी मला म्हणाले, "खिचडी छान होती गं, फक्त मीठ विसरलीस."