'पेशींची वाढ' म्हणजे गाठ का?

पाटीपेन्सिल: डिप्रेशनवरचा एक लेख मराठीत करतेय. मसुद्यात लिहिलं होतं, 'औषधाने मेंदूच्या पेशींची वाढ होते.' आईला वाचायला दिला, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "अगं बाई, म्हणजे गाठ?" तिचं काय चुकलं? पेशींची वाढ आपल्याला भेटते ती बायॉप्सीच्या रिपोर्टात. दुसरा शब्द सुचवा.

ओसरी: इथे वाढ नाही, जन्म आहे. 'चेताजनन' असा शब्द बांधता येईल, पण आईंसाठी 'नव्या चेतापेशी तयार होणं' बरं. आणि अख्खा मेंदू नको, हिप्पोकॅम्पस म्हणा, म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग. ऑल्टमन आणि दास या संशोधकांनी १९६५ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही नव्या पेशी तयार होताना दाखवल्या. ताण लांबला, कॉर्टिसॉल (ताणात शरीरात वाढणारं रसायन) चढं राहिलं की त्या कमी होतात. डिप्रेशनची औषधं बरेच दिवस दिली की वाढतात. हे सगळं उंदरांत हं! माणसांत १९९८ साली पुरावा मिळाला, पण २०१८ मध्ये संशोधकांच्या एका गटाला मोठ्या माणसांत त्या जवळजवळ दिसल्याच नाहीत, तर दुसऱ्याला म्हातारपणीही दिसल्या. म्हणून 'होते' हे क्रियापद काढा, 'होत असावी' लिहा.

चकली: आणि डिप्रेशनला 'नैराश्य' का? निराशा कशाची तरी असते, मग लोक 'आशा सोडू नकोस' म्हणून मोकळे होतात. 'उदासीन' तर गीतेत भक्ताचा गुण आहे: 'उदासीनो गतव्यथः'. माझा मामा सहा महिने एकच वाक्य बोलायचा, "कशातच राम वाटत नाही." आजाराचं नाव म्हणून हे चालणार नाही, पण लक्षण सांगायला याहून नेमकं काही नाही.

ओसरी: पटलं. नाव डिप्रेशनच राहू दे. 'तणाव' मात्र सीमेवर ठेवा, माणसाला 'ताण' पुरे.

पाटीपेन्सिल: बदललं: 'गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. नवी चेतापेशी कामाला लागायलाही काही आठवडे जातात, म्हणून या दोन्हींचा संबंध असावा, असं काही संशोधकांना वाटतं.' 'परिणाम दिसणे' खोडून 'गुण येणे' घातलं. आता एकच अडलंय, कॉर्टिसॉल वाढतो की वाढतं?

चकली: ते संप्रेरक, म्हणून वाढतं. आमचे डॉक्टर 'वाढला' म्हणतात, पण ते साखरेलाही 'वाढला' म्हणतात.