मदत हवी आहे: उन्हाळ्यात पैदाशीच्या नराचा खुराक

नमस्कार मंडळी. वराहपालन करणाऱ्या अनुभवी लोकांना विचारायचं आहे.

ऊन तापलं की माझे पैदाशीचे नर अर्धा खुराक तसाच टाकतात. भरवलेल्या माद्या पुन्हा उलटतायत (गाभण न राहता परत माजावर येतायत), वेतात पिल्लंही कमी येतायत. माद्या तपासून झाल्या, त्यांच्यात दोष दिसत नाही. नर अंगाने धडधाकट आहेत, चढायलाही तयार असतात, म्हणून तर लवकर संशय येत नाही! डुकराला घाम जवळजवळ येतच नाही आणि शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, त्यामुळे आजच्या उष्णतेचा फटका पुढे बराच काळ दिसत राहतो, एवढं माहीत आहे.

सावली, फवारे, पंखे सगळं केलंय. अडलंय ते खाण्यावर. प्रथिनं पचताना अंगात उष्णता जास्त तयार होते म्हणून सोयापेंड कमी करून थोडं तेल वाढवावं का? पण मग लायसिन (प्रथिनांमधला एक आवश्यक घटक) कमी पडून वीर्याचं प्रमाण घटेल ही धास्ती. लायसिन वेगळं घालून कोणी हे जमवलंय का?

सेलेनियम, ई जीवनसत्त्व आणि जस्त यांचा उन्हाळ्यात खरंच फरक पडतो का? पडत असेल तर उन्हाळ्याच्या किती आधी सुरू करता? सेलेनियम जास्त झालं तर विषबाधा होते, म्हणून अंदाजपंचे द्यायचं नाहीये. खनिज मिश्रणात ते आधीच असतं, मग वरून देताना हिशोब कसा धरता?

आणि हो, पहाटे आणि रात्री खायला घालून कोणाचा खुराक सुधारला असेल तर तेही सांगा.