मदरबोर्ड बदलल्यावर विकत घेतलेले प्लगइन उघडेनात. ॲक्टिव्हेशन परत कसे मिळवावे?

मिरजेचा रेकॉर्डिस्ट (प्रश्न)

नमस्कार. मिरजेत माझा छोटा स्टुडिओ असून बहुतेक काम भजनी मंडळांचे आणि आसपासच्या गावांतील गायकांचे असते. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. दुरुस्ती करणाऱ्याने नवा बोर्ड बसवून दिला. हार्डडिस्क जुनीच असल्याने रेकॉर्डिंग शाबूत आहे. मात्र प्रोजेक्ट उघडताच चार प्लगइनांनी (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या, आवाजावर परिणाम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांनी) पुन्हा ॲक्टिव्हेशन, म्हणजे लायसन्सची खात्री, मागितले, आणि सीरियल क्रमांक टाकल्यावर ‘या लायसन्सवरील संगणकांची मर्यादा संपली आहे’ असा संदेश आला. मर्यादा दोन संगणकांची आहे. एक जागा तीन वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या लॅपटॉपने अडवली आहे, तर दुसरी या जळालेल्या बोर्डाने.

सहा अभंगांचे मिक्सिंग पूर्ण झाले होते आणि मंडळाने ते ऐकून पसंतही केले होते. आता बुवांच्या आवाजावरचा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार सावरणारा) हे दोन्ही प्लगइन गेल्यामुळे तोच आवाज कोरडा ऐकू येतो आणि पखवाजाची थाप पडली की शब्द बुडून जातात. आषाढीच्या वारीआधी काम द्यायचे आहे. कंपनीला मेल केला, तेव्हा तीन कामकाजी दिवसांत संपर्क साधू, एवढे ठरावीक उत्तर आले. प्रत्येक प्लगइन मी पैसे मोजून घेतला आहे आणि पावत्याही जपून ठेवल्या आहेत. जागा लवकर मोकळी करून घेण्याचा काही मार्ग आहे का? आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून काय करावे?

पुण्याचा ध्वनिमुद्रक

सर्वांत आधी एक काळजी घ्या. मूळ प्रोजेक्टची प्रत काढा आणि न उघडणारे प्लगइन ट्रॅकवरून काढून टाकू नका. बहुतेक सॉफ्टवेअरांत प्लगइन सापडला नाही तरी त्याची सेटिंग्ज प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तशीच राहतात आणि ॲक्टिव्हेशन मिळताच मिक्स पूर्वीसारखे उभे राहते. घाईत प्लगइन काढून फाइल सेव्ह केली, तर ती सेटिंग्ज हातची जातील.

असे का होते, तेही सांगतो. ॲक्टिव्हेशनच्या वेळी प्लगइन संगणकाच्या भागांवरून, म्हणजे बोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांवरून, एक ओळखखूण तयार करतो आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवली जाते. बोर्ड बदलला की खूण बदलते आणि सर्व्हरला तुमचा जुनाच संगणक नवा वाटतो. सुस्थितीतला संगणक बदलताना आधी त्यावरून लायसन्स डीॲक्टिव्हेट करता येते, परंतु जळालेल्या बोर्डावरून ते कसे करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे, आणि तुमचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो.

कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात जाऊन नोंदवलेल्या संगणकांची यादी दिसते का, ते पाहा. अनेक कंपन्या तेथूनच जुना संगणक काढू देतात, आणि तुमची लॅपटॉपची जागा अशी पाच मिनिटांत सुटू शकेल. तशी सोय नसेल, तर पहिल्याच मेलला पुढचे उत्तर लिहा. त्यात खात्याचा ईमेल, सीरियल क्रमांक, खरेदीची पावती आणि बोर्ड बदलल्याच्या बिलाचा फोटो एकत्र द्या. नवा मेल पाठवला, तर कित्येकदा तो रांगेत मागे जातो.

दरम्यान कोणी क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी मोडून काढलेली बेकायदा प्रत, सुचवला तर घेऊ नका. ज्या संगणकावर दुसऱ्यांचे गाणे विश्वासाने ठेवलेले असते, त्यावर अनोळखी माणसाने बदललेली फाइल चालवणे मला पटत नाही.

नागपूरची संगीत संयोजक

मी ज्यांची तशी सोय आहे ते सगळे प्लगइन आयलॉक नावाच्या, लायसन्स साठवणाऱ्या यूएसबी किल्लीवर ठेवते. लायसन्स किल्लीत असल्यामुळे संगणक जळाला तरी ते शाबूत राहते आणि किल्ली दुसऱ्या संगणकाला लावून काम सुरू करता येते. लायसन्स संगणकावर, किल्लीवर की क्लाउडवर ठेवू द्यायचे, हे मात्र प्लगइन बनवणारी कंपनी ठरवते. क्लाउडचा पर्याय निवडला, तर काम चालू असेपर्यंत इंटरनेट अखंड लागते. आपल्याकडे पावसाळ्यात त्यावर विसंबता येत नाही, म्हणून मी तो टाळते.

किल्लीचाही धोका आहेच. अंगठ्याएवढी वस्तू, आणि तिच्यात सगळी पुंजी. हरवण्या-बिघडण्यासाठी वार्षिक शुल्काची संरक्षण योजना मिळते, पण ती आधीच घेतलेली असावी लागते. कार्यक्रमाला जाताना मी किल्ली लॅपटॉपला लावून नेत नाही. ती वेगळ्या पाकिटात ठेवते.

क्युबेस हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना यात खरा दिलासा मिळाला आहे. पूर्वी त्यासाठी ई-लायसेन्सर ही अशीच यूएसबी किल्ली लागत असे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या क्युबेस १२ पासून ती अट गेली आणि आता एका खात्यावर तीन संगणक चालतात. म्हणजे कंपनीने मनावर घेतले, तर प्रामाणिक ग्राहकाला जाच न होईल अशी पद्धत बसवता येते.

ठाण्याचा वाचक

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. जे लायसन्स सर्व्हरच्या होकारावर अवलंबून आहे, ते आपल्या मालकीचे किती, याचा विचार खरेदीआधीच करायला हवा. मार्च २०२३ मध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्हज कंपनीने कायमस्वरूपी लायसन्स विकणे बंद करून फक्त वर्गणी ठेवण्याचे जाहीर केले होते. ग्राहक इतके खवळले, की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहायचे, वैयक्तिक किंवा छोट्या व्यवसायासाठी ६० डॉलर भरायचे आणि मिळालेली लायसन्सची फाइल संगणकावर ठेवायची. बोर्ड बदलला, तर तीच फाइल पुन्हा घालायची, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आणि पुढच्यासाठी सांगायचे, तर एखादे मिक्स पसंत झाले, की त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅक त्यावरच्या परिणामांसह स्वतंत्र वेव्ह (.wav) ध्वनिफाइल म्हणून बाहेर काढा. मूळ कोरडे रेकॉर्डिंगही शेजारीच ठेवा. त्या फाइली कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

मिरजेचा रेकॉर्डिस्ट

सर्वांचे मनापासून आभार. चारपैकी तीन प्लगइनांच्या खात्यात जुन्या लॅपटॉपचे नाव दिसले आणि तेथूनच ते काढता आले. प्रोजेक्टची प्रत उघडली, तेव्हा कॉम्प्रेसर जुन्याच सेटिंग्जसह परत आला. रिव्हर्बच्या कंपनीने तशी सोय दिलेली नाही, म्हणून पुणेकरांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच मेलला उत्तर देऊन पावती आणि दुरुस्तीचे बिल पाठवले आहे. तोपर्यंत त्याच प्लगइनची चौदा दिवसांची चाचणी आवृत्ती भावाच्या लॅपटॉपवर घातली असून बुवांच्या आवाजाचे ट्रॅक त्यावरून वेव्हमध्ये काढत आहे. चार अभंग झाले, दोन आज रात्री होतील.